दाजींचे शनिवारचे दोन पेग

आमचे दाजी दारूच्या दुकानात वाचन करायचे. मला दुसरा शब्द सापडत नाही. लोक तिथं जातात, बोटानं बाटली दाखवतात, पिशवीत घालतात आणि ओळखीचं कुणी बघायच्या आत सटकतात. दाजी काउंटरवर दोन्ही कोपरं टेकवायचे, शर्टाच्या खिशातून भिंग काढायचे आणि बाटलीच्या पाठीवरचा मुंगीएवढा मजकूर पहिल्या अक्षरापासून वाचायला घ्यायचे. मागं रांग तुंबायची. रांगेत आमच्या शाळेतल्या पोरांचे बाप, मी त्या शाळेत क्लार्क, आणि आमच्या पूर्णा गावात सगळे सगळ्यांना ओळखतात. मी पिशवी धरून जमेल तेवढा भिंतीकडं तोंड करून उभा राहायचो. तेवढ्यात दाजी खणखणीत आवाजात दुकानदाराला विचारायचे, "यात बार्ली हाय का?" दुकानदार म्हणायचा, साहेब, यात दारू हाय.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. रेल्वेत गार्ड होते. उभा जन्म गाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेला माणूस. डबे जोडलेत का, ब्रेक लागतो का, मागचा दिवा आहे का, हे सगळं स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांनी गाडी सोडली नाही, आणि ती सवय निवृत्तीनंतर घरात आली. गॅसचा रेग्युलेटर, दुधाची पिशवी, लग्नपत्रिकेतला मुहूर्त, काहीही असो, "बघितल्याबिगर सही न्हाई" हे त्यांचं पालुपद. दारू पिण्याचा सरकारी परवानासुद्धा त्यांनी रीतसर काढलेला, आजन्म, प्लॅस्टिकच्या पाकिटात. तो कुणी कधी मागत नाही. दाजी मात्र दर वेळी दुकानदारापुढं धरायचे आणि दुकानदार हात जोडायचा.

त्यांचं पिणं तरी काय, तर शनिवारी संध्याकाळी दोन पेग. आक्काच्या अटी होत्या: घरात, तिच्या डोळ्यांसमोर, आणि सोबत तिचा भाऊ. म्हणजे मी. माझी नेमणूकच झाली होती म्हणा ना. दाजी औषधाच्या मापानं मोजून ओतायचे, शेंगदाणे स्वतः भाजायचे, आणि दोनाचे तीन कधी झाले नाहीत. आक्का उंबऱ्यात मेथी निवडत बसायची आणि ऐकू येईल एवढ्या जोरात उसासे टाकायची. मला त्या संध्याकाळी आवडायच्या, हे कबूल करून टाकतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी मोठा संत.

मग दाजींचं पोट बिघडलं. तसं ते वर्षानुवर्षं कुरकुरतच होतं. पोट फुगायचं, जुलाब व्हायचे, हातापायातलं त्राण गेल्यासारखं व्हायचं. परभणीच्या दोन-तीन डॉक्टरांनी टॉनिकं दिली, गोळ्या दिल्या, एकानं तर चिंता करू नका म्हणून सांगितलं आणि त्याची फी घेतली. शेवटी नांदेडच्या एका डॉक्टरनं नळी घालून आतडं तपासलं आणि निदान केलं. गव्हात एक चिकट घटक असतो, ग्लुटेन, तो यांच्या आतड्याला चालत नाही. गहू बंद, मैदा बंद, रवा बंद, सातू म्हणजे ती बार्लीही बंद. कणभरही नाही, आणि जन्मभर नाही. दाजी हसले. म्हणाले, "डॉक्टर, आमी ज्वारीची भाकर खाणारी माणसं. गहू पाव्हण्याला." त्यांना वाटलं, रोग चुकून आपल्या पत्त्यावर आलाय. रडली ती आक्का. होळीला पुरणपोळी केल्याबिगर राहील ती बाई कसली? तिनं तांदळाच्या पिठाची करून बघितली. तव्यावरच तिचे चार तुकडे झाले. दाजींनी ते चारही वाटीत घालून चमच्यानं खाल्ले आणि लय झ्याक झालीय म्हणाले.

जेवणाचा प्रश्न सुटला. अडकली ती दारू. दाजींनी डॉक्टरला सरळ विचारलं, शनिवारचं काय करायचं? डॉक्टर म्हणाला, बिअर विसरा, ती सातूची असते. बाकी गाळलेल्या दारूत सहसा तो घटक उरत नाही, थोडी घेतली तर चालेल, पण लेबल बघून घेत जा. आता डॉक्टरला काय ठाऊक समोर कोण बसलंय! एका गार्डला त्यानं लेबल बघायला सांगितलं. माझी दोन वर्षं त्या एका वाक्यात गेली.

दाजींनी वही घातली. हिरव्या पुठ्ठ्याची. एकेका पानावर एकेक बाटली आणि खाली शेरा: मंजूर, नामंजूर, किंवा खुलासा मागवला. व्हिस्की धान्याची की उसाच्या मळीची, हे बाटलीवर कुठंच छापलेलं नसतं, हा शोध लागल्यावर ते इतके संतापले की त्यांनी चार कंपन्यांना रजिस्टर पोस्टानं पत्रं धाडली. पावत्या आल्या, उत्तरं आली नाहीत. मग बाटलीवरच्या नंबरला फोन लावला. तिकडून एका मुलीनं विचारलं, आपलं वय पंचवीसच्या वर आहे का? बासष्ट वर्षांच्या दाजींनी तिला जन्मदाखला कुठल्या पत्त्यावर पाठवू म्हणून विचारलं. तो फोन अर्धा तास चालला, माझ्या मोबाइलवरून. पुढं वर्षभर मला व्हिस्कीच्या जाहिराती येत राहिल्या आणि त्या माझ्या बायकोनं वाचल्या. ते वेगळंच प्रकरण आहे.

दुकानदार बिचारा म्हणायचा, साहेब, ही खालच्या फळीवरची स्वस्तातली सगळी मळीची, धान्याची लागत असेल तर वर बघा. म्हणजे जी इभ्रतदार ती संशयित आणि जी हमालांनी घ्यायची ती शुद्ध. "कशावरून मळीची? लिहून देतोस का?" दाजी विचारायचे. तो कशाला लिहून देतोय? मग गोव्याच्या भाच्यानं काजूची फेणी आणून दिली. झाकण उघडल्याबरोबर शेजारच्या काकूंनी गॅस कुठं गळतोय म्हणून हाका मारल्या. आक्कानं अख्खी बाटली मोरीत ओतली आणि मोरी तीनदा फिनेलनं धुतली. द्राक्षाची वाईन दाजींना खोकल्याच्या औषधासारखी लागली. शेवटी उरली रम. ती उसाची, त्याबद्दल वाद नाही, वहीत पहिल्यांदा लाल शाईनं मंजूर लिहिलं. मे महिन्यात, बाहेर रस्त्याचं डांबर पातळ होत असताना, हा माणूस घाम निथळत रम प्यायचा आणि मला सांगायचा, "उकडायलाय, पण इमानदार हाय." मलाही तीच प्यावी लागायची. मला काय झालं होतं? मला गहू चालत होता, पण विचारतो कोण!

एवढं करून पोट काही बरं होईना. उलट दाजी वाळत चालले. अडुसष्ट किलोचा गडी एक्कावन्नावर आला, शर्टाची कॉलर मानेभोवती गोल फिरायची. रक्ताचा अहवाल दर वेळी वाईट. डॉक्टर म्हणाला, काहीतरी पोटात जातंय हे नक्की, आणि ते थांबलं नाही तर आतडं पार निकामी होईल, मग माझ्या हातात काही राहणार नाही.  पूर्णेला उतरल्यावर आक्का मला बाजूला घेऊन म्हणाली, "काय जातंय ते मला ठाव हाय. शनिवारची ती बाटली."

आक्काला पोट म्हटलं की हिंग. ते आमच्या आईकडून आलेलं. आक्काचं माहेर मानवतचं. तिथल्या मोंढ्याजवळच्या, म्हणजे धान्यबाजाराजवळच्या, एका जुन्या दुकानातलाच हिंग तिला लागायचा, आणि दर महिन्याला थोरल्या भावाकडं गेलो की पिवळी डबी आणून द्यायचं काम माझं. दाजींचं पोट फुगलं की आक्का हिंग पाण्यात कालवून त्यांच्या बेंबीभोवती चोळायची. वरणात हिंग, कढीत हिंग, ताकात हिंग. डॉक्टरनं काहीतरी जातंय म्हटल्यापासून तिनं ते दुप्पट केलं. महिन्याची डबी पंधरा दिवसांत संपायला लागली, मी दोन दोन आणायला लागलो.

त्यातच दाजींनी एक पराक्रम केला. त्यांच्या एका जुन्या जोडीदाराचा निरोप समारंभ होता. कुणीतरी हातात पेला दिला. पेल्याला लेबल नसतं. दाजी बाटली कोणती होती ते विचारत विचारत हॉलच्या मागच्या बाजूला गेले आणि रिकाम्या बाटल्यांच्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून शोधायला लागले. बाटली सापडली. ती नाकाजवळ धरून भिंगातून वाचत असतानाच चार बायका हात धुवायला तिकडं आल्या. पेला त्यांनी तसाच परत ठेवला, थेंबभर घेतली नाही, हे मी स्वतः बघितलंय. पण गावात झालं ते असं की गार्डसाहेब आता रिकाम्या बाटल्या हुंगायला लागले. हे आक्काच्या कानावर दुसऱ्या दिवशी दूधवाल्याबरोबर आलं.

आक्कानं भांडण केलं नाही. तिनं जेवण सोडलं. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी दाजींनी वही काढली, तारीख घातली आणि लिहिलं: आजपासून बंद. खाली पूर्ण सही केली. घरात उरलेली रमची अर्धी बाटली मला देऊन टाकली आणि तू तुझ्या घरी पी म्हणाले. एकट्यानं काय प्यायची ती? तशीच पडून राहिली.

चार महिने झाले. दाजींनी खरोखर घेतली नाही. पोट तसंच, उलट जास्तच. एका दुपारी मी गेलो तर दाजी पोट धरून कुशीवर पडलेले आणि आक्का हिंगाची वाटी घेऊन बसलेली. चोळता चोळता माझ्याकडं बघून म्हणाली, "चोरून घेत असतील. दुसरं काय?" दाजी उठले. भिंतीला धरून आत गेले, वही आणली, पान उघडून तिच्यापुढं धरलं. आक्का म्हणाली, "वहीत काय, काहीबी लिहिता येतंय." मी या माणसाला आमच्या वडिलांच्या मयतीत, त्यांच्या स्वतःच्या आईच्या मयतीत बघितलेलं. डोळ्यांत पाणी त्या दिवशी बघितलं. त्यांनी वही मिटली आणि परत कधी काढली नाही. मला आक्काचा असा राग आला की मी चहा न घेता निघालो. आणि तिचंही काय चुकत होतं? तिला तिचा नवरा डोळ्यांदेखत संपताना दिसत होता.

पुढच्या महिन्यात मी मानवतला गेलो. दुकानदारानं डबीवर नवा कागद चिकटवला होता, आता सगळं छापावं लागतंय म्हणून कुरकुरत होता. दोन वर्षं दाजींबरोबर राहून मलाही ती घाणेरडी सवय लागलेली. मी वाचलं. गव्हाचं पीठ, डिंक, हिंग. याच क्रमानं. मी विचारलं, हिंगात गव्हाचं पीठ कशाला? दुकानदार म्हणाला, मग काय, नुसता हिंग कोण खाईल, जीभ भाजंल. पीठच जास्ती असतंय, पहिल्यापासून, सगळ्यांच्यात. मी तिथल्या तिथं बाकड्यावर टेकलो. त्या डब्या मी नेल्या होत्या. दर महिन्याला, स्वतःच्या हातानं, पिशवीत नीट उभ्या ठेवून. भिंग घेऊन आम्ही अख्खं दुकान पालथं घातलं, गोव्यापर्यंत पोचलो, कंपन्यांना पत्रं लिहिली. आणि फोडणीची डबी? ती काय वाचायची वस्तू आहे?

दाजी रोज संध्याकाळी स्टेशनवर जाऊन बसायचे. मी गाडीतून उतरलो तो थेट त्यांच्या बाकावर गेलो आणि डबी हातात दिली. त्यांनी भिंगातून दोनदा वाचलं. मला वाटलं, आता हे उठतील, घरी जातील, डबी आक्कापुढं आपटतील आणि मी म्हणेन, आपटा दाजी, चांगली आपटा. एक्कावन्न किलो झालेल्या या माणसानं चोर म्हणवून घेतलं होतं. दाजींनी विचारलं, आक्काला सांगितलंस का? मी नाही म्हणालो.

"मग सांगू नको. तिनं हातानं चोळलाय रे तो माझ्या पोटावर. कळलं तर त्या हातानं ती घास खाणार न्हाई."

मी लय बोललो. स्टेशनवरचे लोक बघत होते तरी बोललो. दाजींनी माझा हात आपल्या डोक्यावर ठेवून शपथ घातली, मग मी कबूल झालो. आक्का या मार्गशीर्षात गेली, म्हणून आज लिहितोय. ती असेपर्यंत मी ती शपथ पाळली आणि ती पाळताना माझे दात झिजले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला. दाजींनी डॉक्टरकडून चिठ्ठी लिहून घेतली: नव्या गोळ्यांबरोबर पुढील पदार्थ चालणार नाहीत. खाली अकरा पदार्थ, हिंग सातव्या नंबरला. यादी दाजींनीच घरून करून आणलेली. तिच्यात वांगं बघून मी हैराण झालो, कारण भरीत म्हणजे दाजींचा जीव. वांगं कशाला, मी विचारलं. म्हणाले, नुसता हिंग लिहिला तर दिसतोय. आवडीचं काही असलं की तिला पटंल. जन्मात खोटी नोंद न केलेल्या माणसानं केलेली ही पहिली खोटी नोंद, आणि तिच्यापायी वांगं गेलं. डॉक्टरनं मान हलवत सही केली.

तीन महिन्यांत दाजी भरायला लागले. सहा महिन्यांत कॉलर मानेला टेकली. आक्का गल्लीत ताठ मानेनं चालायला लागली. दिसली ती बाई तिच्याकडून एकच ऐकायची, दारू सोडली आणि बघा कसं सोनं झालं. दाजी समोर बसून मान डोलवायचे. माझं डोकं फिरायचं. एका शनिवारी मी दाजींना गाठून म्हणालो, आता तरी घ्या दोन, मळीची घ्या, धान्याची घ्या, तुमचा गुन्हाच नव्हता. दाजी म्हणाले, "मी घेतली आणि तरी बरा राहिलो, तर मग आधी कशानं व्हायचं, ह्याचा ती विचार करंल. लय हुशार हाय ती. हिंगापर्यंत पोचंल." म्हणजे जन्मभराची शिक्षा, न केलेल्या गुन्ह्याची, आणि हा माणूस ती स्वतःच भोगायला बसलेला. वर मलाच विचारलं, भाजलेले शेंगदाणे खातोस का? आम्ही शनिवारी नुसते शेंगदाणे खात बसायचो. अशी सात वर्षं.

दाजी गेले ते छातीच्या दुखण्यानं, दुपारी, वर्तमानपत्र वाचता वाचता. पोटाचा काही संबंध नव्हता. तेराव्याला घर भरलं होतं. जेवणं झाल्यावर बायका आक्काभोवती बसल्या आणि आक्का त्यांना सांगत होती की डॉक्टरांनी हात टेकले होते, पण मी दारू सोडवली, म्हणून सात वर्षं जास्तीची मिळाली मला. तेवढंच एक पुण्याचं काम माझ्या हातून झालं. सांगताना ती आपल्या दोन्ही हातांकडं बघत होती. मग तिनं मला हाक मारली. सगळ्यांसमोर तळहात पुढं केला आणि म्हणाली, "बाळू, तुझ्या दाजीला गुण आला तो तू बघितलास. आता तू बी सोड. ठेव हात."

हिंगाचं एक वाक्य बोललो असतो तर सुटलो असतो. आक्का वाट बघत होती. मी हात ठेवला आणि सोडली म्हणालो. भिंतीवर दाजींचा हार घातलेला फोटो होता, तिकडं मात्र बघितलं नाही. बघितलं असतं तर भरल्या घरात तोंडातून शिवी गेली असती.